चार किलोबाइट

ऑफिसात तिला सगळे चिमटी म्हणायचे. कुठलीही फाइल तिच्या हातात पडली की चिमटीत मावेल एवढी होऊन बाहेर यायची, म्हणून. ती धरणाच्या मोजमाप विभागात प्रोग्रामर होती. तिचे वडील त्याच धरणावर गळतीमापक होते. धरणाच्या भिंतीच्या पोटात एक लांब बोगदा असतो. भिंतीतून झिरपलेलं पाणी तिथल्या पन्हळीतून वाहतं. बाबा बावीस वर्षं रोज त्या बोगद्यात उतरले. पन्हळीवरचं यंत्र दर दहा सेकंदांनी आकडा टिपायचं आणि बाबा बादली व स्टॉपवॉच घेऊन तो ताडून पाहायचे. जेवताना ते सांगायचे, "आज भिंतीला घाम जास्त होता." आई म्हणायची, "भिंतीचा घाम दिसतो. माझे गुडघे कधी दिसले का?"

बावीस वर्षांचे आकडे सात कोटींच्या घरात गेले आणि धरणावरची डिस्क भरत आली. काम चिमटीकडे आलं. तिने रस्ट भाषेत नवा प्रोग्राम लिहायला घेतला. पाणी दहा सेकंदांत फारसं बदलत नाही, म्हणून पूर्ण आकडा न लिहिता आधीच्या आकड्यापेक्षा किती कमी-जास्त एवढंच लिहायचं, आणि तेही मोजक्या बिट्समध्ये. किती बिट्स घ्यायचे, हे आधीच्या फरकावरून ठरायचं. जुन्या पद्धतीत दर एकशेअठ्ठावीस आकड्यांनंतर एक पूर्ण आकडा लिहिलेला असे, म्हणजे मधूनच वाचायला सुरुवात करता यावी. चिमटीने आधी तो ठेवला होता. पण तिचा वाचणारा भाग इतका वेगवान झाला, की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी फाइल सेकंदाच्या आत वाचून व्हायची. पूर्वी याला सहा मिनिटं लागत. मग मधून सुरुवात करायची गरजच काय? तिने ते पूर्ण आकडे काढून टाकले. फाइल आणखी आटली, वेग आणखी वाढला. साहेबांनी सगळ्यांना बोलावून पडद्यावर दाखवलं आणि जुनी फाइल पुसून टाकायला सांगितली.

"बाबांच्या बावीस वर्षांना पापणी लवण्याएवढाही वेळ लागत नाही," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. तीही हसली.

बाबांनी विचारलं होतं, "माझ्या वह्या काय करू? दोन कपाटं भरलीत."

"रद्दीत द्या बाबा. सगळं मशीनमध्ये आहे."

त्यांनी दिल्या.

सहा महिन्यांनी भिंत उजव्या टोकाला फुटली. खालच्या वस्तीत अकरा माणसं गेली. बाबा निवृत्त होऊन वर्षच झालं होतं. चौकशी समिती बसली. धरणाचे अभियंते म्हणाले, गळती वाढल्याचं गळतीमापकाने आम्हाला कधीच कळवलं नाही. बाबा म्हणाले, मी चार वर्षं फोन करून सांगत होतो, आकडा चढतोय. फोनची नोंद कुठे असते? वस्तीतली माणसं त्यांना बाजारात पाहिलं की रस्ता बदलायला लागली. ज्या बाईचे दोन नातू गेले होते, ती एकदा दारापर्यंत आली, उभी राहिली आणि परत गेली.

"आकडे बोलतील," बाबा म्हणाले. "फाइल काढ, बाळा."

फाइल यंत्रखोलीत होती आणि यंत्रखोलीत पाणी शिरलं होतं. दुसरी प्रत त्याच खोलीतल्या शेजारच्या कपाटात होती, तिचा चिखल झाला होता. पहिल्या डिस्कमधून जाणकारांनी जवळजवळ सगळं वाचवलं. फक्त चार किलोबाइटचा एक तुकडा गेला. फाइलच्या एकतृतीयांशावर, म्हणजे आठव्या वर्षी.

चिमटीने प्रोग्राम चालवला. सात वर्षं सुरळीत आली. मग तो थांबला, चुकीचा आकडा देण्यापेक्षा थांबणं बरं म्हणून तिनेच तसं लिहिलं होतं. पुढची चौदा वर्षं तिथेच होती, बिट्सच्या बिट्स, एकही हरवलेला नाही. पण एक फरक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं.

तिने साडेतीन आठवडे दुसरं काही केलं नाही. जितक्या शक्य सुरुवाती होत्या, त्या सगळ्यांपासून वाचून पाहिलं. प्रोग्राम वेगवान होता, हजारो सुरुवाती तासाभरात संपत. बहुतेकांतून कचरा आला. सतरांमधून मात्र पटण्यासारखे आलेख आले. दहांमध्ये गळती सपाट होती किंवा उतरत होती. सातांमध्ये चढत होती. त्यांतला एक तर बाबांच्या बोलण्याशी शब्दन्‌शब्द जुळत होता. बाबांच्या नोकरीची शेवटची चार वर्षं, दर पावसाळ्यानंतर थोडा वर.

साहेबांनी तो पाहिला. "हाच दे."

"हा खरा आहे, हे मला माहीत नाही."

"तुझे वडील म्हणतायत ना?"

"तेच तर सिद्ध करायचंय, साहेब."

तिने सतराही आलेख समितीला दिले आणि खाली लिहिलं, की यातला खरा कोणता, हे ठरवता येत नाही. आणि कारणही लिहिलं, नेमकं, स्वतःच्या नावानिशी. समितीतले एक वयस्कर सदस्य तिच्याकडे पाहत म्हणाले, "प्रामाणिकपणाबद्दल आभार." अहवालात एक ओळ आली: नोंदी अनुपलब्ध असल्याने गळतीमापकाचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.

ती घरी गेली. बाबा खिडकीशी बसले होते. तिने सगळं सांगितलं. पूर्ण आकडे का काढले, ते नसल्याने काय झालं, आणि तो जुळणारा आलेख तिने एकटाच का दिला नाही.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. आई आतून चहा घेऊन आली, ठेवून गेली. चहावर साय आली.

"ते दहा आलेख, ज्यांत वाढत नव्हतं," बाबा म्हणाले, "तेही पटण्यासारखेच होते?"

"हो. पण त्याला अर्थ नाही, बाबा."

"नाही, तसं नाही. मी विचार करतोय, फोन केले ते आठवतं. आकडा आठवत नाही. एकही." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तो खरंच चढत होता का गं?"

तिला हो म्हणायचं होतं. ती बोगद्यात कधी उतरलीच नव्हती.

"तुम्ही मोजलं होतं, बाबा," ती म्हणाली.

"मोजलं होतं, एवढं खरं," ते म्हणाले, आणि थंड झालेला चहा त्यांनी तिच्यापुढे सरकवला.