मापाचं भांडं

किडनीच्या डॉक्टरांनी बाबांच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला.

बाबांच्या उशाशी उभी असलेली मुलगी त्या खळग्याकडे बघत होती. पुढच्या आठवड्यात तिच्या लिव्हरचा तुकडा काढून बाबांना बसवायचा होता. सगळं जुळलं होतं, आणि ऐन वेळी बाबांच्या किडन्यांनी मान टाकली.

"लिव्हर गेलं की कधीकधी चांगल्या किडन्याही काम थांबवतात," डॉक्टर म्हणाल्या. "नवं लिव्हर बसलं की त्या पुन्हा सुरू होतात. पण किडन्याच बिघडल्या असतील, तर नुसत्या लिव्हरने भागायचं नाही."

"म्हणजे मेन स्विच गेलाय की पंखेच जळलेत, ते बघायचंय," बाबा म्हणाले. उभा जन्म त्यांनी वायरमनचं काम केलं होतं.

डॉक्टर हसल्या, पण कपाळावरची आठी गेली नाही. "औषधाने रक्ताचा रिपोर्ट सुधारतोय. मापाच्या भांड्यात लघवी मात्र वाढत नाही. असं व्हायला नको. उद्याही हीच तऱ्हा राहिली, तर ऑपरेशन थांबवावं लागेल."

मुलीच्या छातीवरचं ओझं उतरलं. क्षणभरच. मग तिला स्वतःचीच भीती वाटली आणि पाणी आणायच्या निमित्ताने ती बाहेर पडली. समोरून ऑपरेशन थिएटरकडे एक स्ट्रेचर गेलं. त्यावरच्या बाईचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. मुलगी भिंतीला चिकटून उभी राहिली.

ती परतली तेव्हा पलंग रिकामा होता. बाथरूमचं दार अर्धवट उघडं. एका हाताने सलाइनचा स्टँड धरून बाबा लघवीचं मापाचं भांडं संडासात रिकामं करत होते. तळाशी थोडंसं ठेवून त्यांनी हात आवरला.

"बाबा!"

ते दचकले. "हळू बोल."

"रोज हेच करताय? मरायचंय का तुम्हाला?"

"मला कशाला मरायचंय? भीतीने जीव जातो माझा." ते भिंतीला टेकले. "दुपारी खुर्चीत तुझा डोळा लागतो ना, तेव्हा पोट घट्ट धरून 'नको, नको' म्हणतेस. मला ऐकवत नाही गं."

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं.

"घाबरते मी," ती शेवटी म्हणाली. "खूप घाबरते."

"मग राहू दे ना, पोरी."

तिने त्यांना धरून पलंगापर्यंत आणलं. संध्याकाळी ते पुन्हा आत गेले, तेव्हा ती दारातच पाठ करून उभी राहिली आणि भांडं स्वतः बाहेर घेऊन आली.

"अरे वा, आज चांगली झाली की!" नर्स खुशीत डॉक्टरांना फोन करायला गेली.

बाबांनी चादर तोंडावर ओढून घेतली. मुलगी त्यांच्या पायाशी बसली.

"पलंग हलवू नकोस," चादरीतून आवाज आला.

"मी नाही हलवत. तुम्हीच थरथरताय."

तिने चादरीवरून त्यांच्या पायांवर हात ठेवला. पलंग हलतच होता.