सहा रिकाम्या चौकटी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच आहे. माझी दुसरी अर्धी भिंतीपलीकडे आठवीच्या वर्गात असते आणि मी सातवीच्या वर्गात. सूत एक, रंग एक, पण आमची भेट क्वचितच होते.

बुऱ्हाणपुरात कडूबाबांच्या हातमागावर माझा जन्म झाला. गल्लीभर पॉवरलूमची खटखट चालायची आणि तिच्यात आमचा एकटा माग हळूच टक-टक करायचा. कडूबाबांनी मला निळ्या-तांबड्या चौकटींनी विणलं. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी एकेक चौकट. ओळीत चार चौकटी, अशा बारा ओळी. विणून झाल्यावर त्यांनी एकेका चौकटीवर तळवा ठेवून मला मोजलं. "अठ्ठेचाळीस. एक पण कमी नाही," ते म्हणाले. तो हात मला अजून आठवतो.

शाहपुरातल्या बायकांनी मला पोथीसाठी विकत घेतलं. श्रावणात माझ्यावर पोथी वाचली जायची. बसण्याआधी प्रत्येक बाई मला हात लावून तो कपाळाला लावायची. मी साधं सूत, पण त्या स्पर्शानं मला वाटायचं, माझंही काही देवाच्या कामी येतंय. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. कुणाचे गुडघे दुखू लागले, कुणाला खाली बसायची लाज वाटू लागली. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. किती वर्षं गेली, ठाऊक नाही. उंदरांनी एक कोपरा कुरतडला. मी कुणाला दोष देत नाही. वाट पाहणं हाही एक नेमच असतो.

मग एक दिवस सविताबाई माळ्यावर चढल्या. त्या शाळेत शिकवतात, आणि त्यांची आई माझ्यावर बसून पोथी ऐकायची. त्यांनी मला खाली काढलं, काठीनं झोडपलं, दोन दिवस उन्हात घातलं आणि घडीत कडुनिंबाचा पाला ठेवला. शाळेचे वर्ग लहान, म्हणून मधोमध कापून दोन्ही कडा लाल दोऱ्यानं शिवल्या. कात्री चालली तेव्हा दुखलं. पण सुई चालली तेव्हा बाई पुटपुटत होत्या, "दोन घरं झाली गं तुझी, आता दोन्हीकडे पोरं बसतील."

आणि खरंच बसली. सातवीत चोवीस मुलं, आठवीत चोवीस. प्रत्येकाची चौकट ठरलेली.

दर शनिवारी बालसभा भरायची. बाईंनी तिची छोटी संसद केली. आठवीचा वर्ग एक सभागृह, सातवीचा दुसरं. मुलांनी पुठ्ठ्यावर आपली घटना लिहिली आणि एक राष्ट्रपती निवडली. ती आठवीची निशा. केळीच्या बागेत राबणाऱ्या घरातली ही मुलगी, बोलायला कमी, हसायला लगेच तयार. तिनं पुठ्ठ्यावर हात ठेवून शपथ घेतली, "मी या घटनेचं रक्षण करीन." त्या दिवसापासून सतरंज्या ठेवायच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे, आणि ओढणीला पितळी बिल्ला. घरी जाताना ती बिल्ला रुमालात बांधून न्यायची. पुठ्ठ्यावर आठवा नियम होता, "दोन्ही सभागृहांच्या मंजुरीवाचून शाळेची वस्तू बाहेर न्यायची नाही."

आता जे झालं ते माझ्याच अंगावर झालं, म्हणून मीच सांगते.

शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या सोजरबाई आहेत. चातुर्मासात त्यांनी नेम धरला होता, रोज एकाला तरी जेवू घातल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. कार्तिकी पौर्णिमेला त्या नेमाची सांगता होती. अकरा बायका जेवायला येणार होत्या. पण तुळशीचं लग्न झालं आणि गावात लग्नांची घाई सुरू झाली. मंडपवाल्याच्या सगळ्या सतरंज्या लग्नघरी गेल्या. "आता बायांले मातीवर बसवू का मी?" असं म्हणत सोजरबाई चुलीपाशी डोळे पुसत होत्या. निशानं ते ऐकलं. शनिवार अजून चार दिवसांवर होता, विचारायचं कुणाला? संध्याकाळी तिनं कपाट उघडलं, मला सायकलच्या कॅरियरवर बांधलं आणि नेलं.

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. किती वर्षांनी माझ्यावर पानं मांडली गेली, कुणीतरी हात लावून तो कपाळाला लावला! पण ताज्या कापलेल्या केळीच्या पानांचा चीक माझ्या एका चौकटीवर ठिबकला. मित्रांनो, केळीचा चीक कापडावरून जात नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. सकाळी तिथं काळपट डाग होता.

शाळेत मला अंथरताना डाग पहिल्यांदा हर्षलला दिसला, आणि किल्ली कुणाकडे असते हे त्याला ठाऊक होतं. आठवीचाच मुलगा, नियमांचा पक्का. चेंडू रेषेवर पडला की आपल्याच संघाविरुद्ध ओरडणारा.

"बाई, राष्ट्रपतीला काढता येतं का?" त्यानं भर वर्गात विचारलं.

"येतं," बाई म्हणाल्या, "पण सहज नाही. देशाच्या राष्ट्रपतींनी घटनेचा भंग केला, तरच. त्याला महाभियोग म्हणतात. एका सभागृहानं आरोप ठेवायचा, त्यावर निदान चौथ्या हिश्श्याच्या सदस्यांच्या सह्या हव्यात. चौदा दिवस आधी सूचना द्यायची. मग दोन तृतीयांशांनी ठराव केला, तर दुसऱ्या सभागृहानं चौकशी करायची. तिथं राष्ट्रपतींना स्वतः बोलता येतं, किंवा आपल्या वतीनं कुणाला पाठवता येतं. तिथंही दोन तृतीयांश मिळाले, तरच पद जातं. आपल्या देशात आजवर कुणाला असं काढलेलं नाही."

"मग आपल्या शाळेत पहिल्यांदा," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. निशा हसली नाही.

आपल्या सभेतही तसंच करायचं ठरलं, आणि बाईंनी देशाच्या घटनेतलं ते कलम दोन्ही वर्गांत फळ्याशेजारी कागदावर लिहून लावलं. सहा सह्या झाल्या. चौदा दिवस निशा रोज बिल्ला लावून आली, पण त्याला हात लावेना. सोजरबाईंनी विचारलं, "काय झालं वं बाई, तोंड का उतरलं?" ती म्हणाली, "काही नाही, परीक्षा आहे."

चौदा दिवस सरल्यावर, शनिवारी, आठवीत मत झालं. चोवीसच्या चोवीस हजर. सोळा हात वर. भिंतीपलीकडून ती मोजणी मला ऐकू आली.

पुढच्या शनिवारी माझी पाळी. माझ्यावर बसलेली सातवी न्याय करणार होती. अनिकेत सभापती. हर्षल आरोप मांडायला आला, निशा समोर उभी राहिली. त्या दिवशी देडतलाईला सातवीतल्या मथुराच्या मावशीचं लग्न होतं, म्हणून एकाच गल्लीतली सहा मुलं वऱ्हाडात गेली होती. माझ्या सहा चौकटी गार पडल्या होत्या. डाग होता तो मथुराच्याच चौकटीवर. ती बसली असती, तर झाकला गेला असता.

हर्षलनं डागावर बोट ठेवलं. "हे पाहा. मंजुरी नव्हती. तिनं शपथ घेतली होती. रूल म्हणजे रूल. राष्ट्रपतीच गलत करेल, तर आपण काय करायचं?"

"तू नेली का?" अनिकेतनं विचारलं.

"नेली," निशा म्हणाली.

"कोणासाठी?"

तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. पदराला हात पुसत सोजरबाई उभ्या होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"बाई, माणूस पाठवता येते नं तिच्या वतीनं? मंग मी येऊ का आत?"

सविताबाईंनी निशाकडे पाहिलं. निशानं मान हलवली. सोजरबाई आत आल्या, माझ्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला आणि उभ्याउभ्याच बोलल्या.

"माह्यासाठी नेली. माह्या घरी बाया जेवल्या. मले वाटलं, पोरीनं इचारलं असंन. तिनं शपथ घेतली, म्हंजे नेमच नं तो? नेम मोडला तं मोडला, मी नाही म्हनत नाही. पन असं झालं पोरांनो, माहा नेम पुरा झाला अन् तिचा मोडला. इतकंच सांगाले आली." मग हळूच म्हणाल्या, "भाजी लागन माही, जाते मी."

दोन मुली डोळे पुसू लागल्या. हर्षलचाही आवाज खाली आला. "मावशी, मलाही वाईट वाटतं. पण ती पुढच्या शनिवारी येऊन सांगू शकत होती, मी नेली, माफ करा. तिनं सांगितलं नाही. डाग दिसला म्हणून कळलं."

हे खरं होतं, मित्रांनो. निशानंही मान खाली घातली. म्हणाली, "हर्षल बरोबर बोलतो. मला भीती वाटली."

अनिकेतनं मत मागितलं. एकेक हात वर गेला. डोळे पुसणाऱ्या दोघींचेही गेले. अनिकेतनं दोनदा मोजले. "हजर अठरा. बारा हात. अठराचे दोन तृतीयांश बारा. ठराव पास."

कुणी टाळी वाजवली नाही. निशानं बिल्ल्याची पिन उघडली. ती बोटाला टोचली, तरी तिनं बिल्ला काढून तळहातावर धरला.

मला ओरडून सांगायचं होतं, अरे, माझ्या सहा चौकटी रिकाम्या आहेत, त्या मोजा! डाग सगळ्यांनी पाहिला. तो का दिसतोय, हे कुणी पाहिलं नाही. सविताबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांना कळलं होतं, हे मला कळलं.

"कलम वाचून जाहीर कर," अनिकेत हर्षलला म्हणाला. हर्षल भिंतीवरचा कागद वाचू लागला. "सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांशांहून कमी नाही इतक्या..."

तो थांबला. पुन्हा मनात वाचलं. मग खाली वाकला आणि कडूबाबांसारखाच माझ्या रिकाम्या चौकटींवर तळवा ठेवत निघाला. शेवटी डागावर आला.

"इथं मथुरा बसते," तो म्हणाला.

"मग? ती नाही आज," अनिकेत म्हणाला.

"नाही, पण मेंबर आहे. आठवीत सगळे हजर होते, म्हणून फरक पडला नाही. इथं अठरा नाही, चोवीस धरायचे. सोळा पाहिजेत." त्याचा चेहरा पडला होता. इतक्या दिवसांची त्याची मेहनत त्याच्याच तोंडून संपत होती. "बाई, ठराव पडला."

"तुला कुणी टोकलं नसतं, हर्षल," बाई हळूच म्हणाल्या.

"रूल म्हणजे रूल, बाई."

या वेळी मात्र सगळे हसले. निशाही. आणि हसता हसता रडली.

तिनं बिल्ला लगेच लावला नाही. आधी दोन्ही सभागृहांची माफी मागितली, आणि पुढच्या शनिवारी एक ठराव मांडायला सांगितला. कुणाच्या घरी गरज असेल, तर शाळेची सतरंजी द्यावी, आणि घाईच्या वेळी प्रत्येक सभागृहाच्या चौघांना विचारून न्यावी. तो ठराव चोवीस आणि चोवीस मतांनी मंजूर झाला. मथुरा लग्नाहून आली होती. झालेलं ऐकून म्हणाली, "हाय रे, मी चार दिवस काय गेली, माझ्या जागेवरचा डाग सगळ्यांना दाखवला!"

संध्याकाळी मला हातपंपाखाली धुतलं. एका टोकाला निशा, दुसऱ्या टोकाला हर्षल. दोघांनी उलट्या बाजूंनी पीळ दिला, तेव्हा कुठं माझ्यातलं पाणी निथळलं. डाग गेला नाही. सोजरबाईंनी लिंबू चोळलं, तरी नाही. मला त्याची लाज वाटत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला ओली गुंडाळू नका, अधूनमधून ऊन दाखवा, पायांत चप्पल असेल तर वाट वळवून जा. आणि कुणाला त्याच्या जागेवरून उठवायची वेळ आली, तर हात मोजण्याआधी माझ्या चौकटींवरून एकदा तळवा फिरवा. जी चौकट गार लागेल, तिथंही कुणीतरी बसतं.