रुचा बसली की

गाडी पहिल्यांदा अडली तेव्हा मागून पाण्याचा टँकर येत होता.

पोरूरहून तांबरमकडे जाणाऱ्या बायपासवर हेरंब गाडी चालवत होता आणि रुचा त्याच्या शेजारी डाव्या सीटवर बसली होती. सिरुसेरीला तिचं ऑफिस. हेरंबची श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात दुपारची पाळी असली की सकाळी तो तिला सोडायला जायचा. लग्नाला दोन महिने झाले होते. गाडी लग्नाच्या थोडी आधी घेतलेली, सेकंडहँड, पण रंग नव्यासारखा. एक रिक्षा अचानक आडवी आली. हेरंबने ब्रेक मारला, आणि पुन्हा वेग घ्यायला गेला तर इंजिनने गचके खाल्ले. अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढेना. टँकरचा हॉर्न कानाशी आला. रुचाने डोळे मिटून घेतले. टँकर अगदी खेटून पुढे निघून गेला, त्यातून सांडलेल्या पाण्याची चादर काचेवर आदळली. मग इंजिन, काही घडलंच नाही अशा थाटात, सुरळीत चालू लागलं.

"पेट्रोलमध्ये कचरा असेल," हेरंब म्हणाला.

त्यानंतर हे होतच राहिलं. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, मग इग्निशन कॉइल बदलल्या. हेरंबने कारखान्यातल्या मित्राचा स्कॅनर आणून लावला. इंजिन मिसफायर होतंय एवढं त्याने सांगितलं, पण कुठला सिलिंडर विचारावं तर दर वेळी वेगळाच. हेरंब एकटा गाडी घेऊन गेला तर ती लोण्यासारखी चालायची. त्याचे वडील शरदचंद्र आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तेही एकटे कांचीपुरमपर्यंत जाऊन आले.

"काही झालं नाही," ते येऊन म्हणाले. "एकदासुद्धा नाही."

रुचा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

हे तिच्या आधीच लक्षात आलं होतं. ती गाडीत असली की गाडी अडायची. ती नसली की नाही. ती सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करायची. प्रोग्राममधली चूक कधीकधी एकाच माणसाच्या हातून दिसते, हे तिला नवं नव्हतं. अशा वेळी ती शांतपणे विचारायची, हा माणूस इतरांहून वेगळं काय करतो? पण इथे तो प्रश्न ती मनात येऊच द्यायची नाही. कारण त्याचं एक उत्तर तिला कराडला आधीच मिळालेलं होतं.

कराडला तिचं एकदा ठरलं होतं. साखरपुडा झाला आणि पंधरवड्यात मुलाचे वडील झोपेतच गेले. तेराव्यानंतर त्या घरून निरोप आला. फार काही बोलले नाहीत ते. मुलीचा पायगुण बरा नाही, एवढंच. रुचाने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं की असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाही. हेरंबशी लग्न ठरताना मात्र ती कराडचं काही बोलली नाही. आई म्हणाली, मी बघते काय सांगायचं ते. रुचाने पुढे विचारलं नाही.

आता ती ऑफिसला बसने जाऊ लागली. हेरंबला म्हणाली, तुझी झोपमोड कशाला. रविवारी बाहेर जायचं म्हटलं की तिचं डोकं दुखायचं. पण वडपळणीच्या देवळाला सगळ्यांनी जायचं ठरलं तेव्हा काही सुचेना. सासूबाई, अलकनंदा, गुडघ्यांमुळे नेहमी मागच्या सीटवर पाय पसरून बसायच्या. शरदचंद्र त्यांच्या शेजारी. पुढची सीट रुचाचीच.

पुलाच्या चढावर एक बस अंगावर आली आणि गाडीने गचके खाल्ले. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, आणि खाली घसरू पाहणारी गाडी. हेरंबने हँडब्रेक ओढला.

मागून अलकनंदा म्हणाल्या, "ही बसली की बरी अडते गाडी."

त्या हसल्या, पण बाकी कोणी हसलं नाही. रुचाने मागे वळून पाहिलं नाही. देवळात तिने हात जोडले, पण मागायचं काय ते सुचलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर तो टँकर होता, आणि या वेळी तो खेटून पुढे न जाता हेरंबच्या अंगावर येत होता. तिला वाटलं, एक दिवस माझ्यामुळे हा जाईल.

पुढच्या शनिवारी दुपारी ती स्वतःच हेरंबला म्हणाली, "चल, गाडी तपासू. बाबा, तुम्हीपण या."

"काय तपासायचंय?"

"मी असताना काय होतं ते."

हेरंबने किल्ली उचलली.

आधी ती मागे बसली. पुढची सीट रिकामी. जवळच्या तलावाच्या बाजूने पूर्ण फेरी झाली, गाडी नीट चालली. मग तिने पुढच्या सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं, आपल्याइतक्या वजनाचं. गाडी नीट चालली. मग शरदचंद्र पुढे बसले, त्यांच्या सवयीप्रमाणे सीटवर मांडी घालून. तरीही नीट चालली.

शरदचंद्र मागच्या सीटवर गेले. आता ती उरली होती. चौकापर्यंत काही झालं नाही. चौकात एक लॉरी डावीकडून घुसली, आणि इंजिन थरथरलं.

"थांबव," रुचा म्हणाली. "हेरंब, कडेला घे. मला उतरू दे."

त्याने गाडी एका बंद दुकानासमोर उभी केली, इंजिन चालूच होतं. ती रडत नव्हती. पण दाराची कडी हाताला सापडत नव्हती, आणि उठायला गेली तर पोटऱ्यांत गोळे आलेले. तिने खाली पाहिलं. तिचे दोन्ही पाय गाडीच्या तळाशी रोवलेले होते, टाचा वर, चवडे खाली दाबलेले, जणू तिथे ब्रेक होता आणि तो तिला सगळ्या ताकदीने दाबायचा होता. गाडी उभी होती तरी पाय सैल पडले नव्हते. इंजिन अजून अडखळतच होतं.

तिने पाय उचलले. इंजिन एकसारखं चालू लागलं.

ती तशीच बसून राहिली. मग तिने उजवा चवडा पुन्हा त्याच जागी ठेवला आणि दाबला. इंजिन थरथरलं. उचलला, शांत. पुन्हा दाबला.

"हेरंब," ती म्हणाली, "ऐक."

त्याला कळायला दोनतीनदा करून दाखवावं लागलं. मग तो धावत वळसा घालून तिच्या दाराशी आला. रबरी मॅट काढली, कार्पेटची कड ओढली. चिखलाचा कुबट वास आला. खाली वाळलेल्या गाळाचा थर होता, पिठासारखा बारीक. त्यातून इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरी, आणि एका जोडावर हिरवा गंज. कोणीतरी त्यावर काळी टेप गुंडाळली होती. चवडा बरोबर त्याच्यावर पडायचा.

"ही गाडी पुरात बुडलेली आहे," शरदचंद्र म्हणाले. "धुऊनपुसून विकली आपल्याला." त्यांनी टेप हलकेच उचलली, वायर जवळजवळ तुटलेलीच होती. "बाकी कशाकशात पाणी गेलंय कोण जाणे. एअरबॅगचं काय?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतके दिवस आपण कशात बसून हिंडत होतो, या विचाराने रुचाच्या अंगावर काटा आला. तरी तिला एकदम हसू फुटलं, आणि ते आवरेना. हेरंब घाबरून तिच्याकडे बघत राहिला.

घरी आल्यावर शरदचंद्रांनी अलकनंदांना सगळं सांगितलं. संध्याकाळी रुचा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती तेव्हा त्या येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"मी त्या दिवशी बोलायला नको होतं."

रुचाने हातातला टॉवेल घडी न करताच खांद्यावर टाकला. "आई, माझं आधी एकदा ठरलं होतं. कराडला."

"माहीत आहे. तुझ्या आईने बोलणी करतानाच सांगितलं होतं."

"माहीत होतं?"

"मी म्हटलं, काही हरकत नाही. आणि नव्हतीच." अलकनंदा खालच्या रस्त्याकडे बघत होत्या. "पण गाडी अडायला लागली आणि मला ते आठवायला लागलं. हेरंब बाहेर पडला की तो परत येईपर्यंत मी जपमाळ घेऊन बसायचे. लाज वाटते सांगायला."

रुचाला राग यायला हवा होता. तो आलाही थोडा. पण तिला ती माळ दिसली, आणि त्याच वेळी खोलीत डोकेदुखीचं निमित्त करून पडलेली ती स्वतः दिसली. एकाच घरात दोघी एकाच गोष्टीला भीत होत्या.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली.

"तू तरी कुठे सांगितलंस?"

दोघींनी मिळून दोरीवरचे उरलेले कपडे काढले.

गाडी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारली नाही. सगळी वायरिंग, सीटखालचे जोड, एअरबॅगचे कनेक्टर बदलून घेतले. महिनाभर ती गॅरेजमध्येच होती. परत आली त्या सोमवारी हेरंबने रुचासाठी डावं दार उघडलं. ती बसली. बायपासवर पहिला टँकर दिसला तेव्हा तिचे पाय आपोआप ताठ झाले आणि तळाशी दाबले गेले. इंजिन चालत राहिलं. तिने पाय सैल सोडायचा प्रयत्न केला, पण ते तांबरम येईपर्यंत जमलं नाही.