सतराचा पाढा

गणिताच्या बाईंना वाचकांची पत्रं येत आणि त्या ती शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवत. हे पत्र मात्र त्यांनी मुकाट्याने पर्समध्ये टाकलं. त्यात एकच ओळ होती. 'पान बत्तीस : ३३,३३,३३,३३१ ला सतराने भागून पाहावे.'

बाईंनी भागलं. बाकी शून्य.

मोठमोठ्या संख्यांची जातकुळी सांगणारं त्यांचं पुस्तक, आणि त्यात हे पान त्यांचं सगळ्यात लाडकं. ३१ ला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचा भाग जात नाही, म्हणजे ती मूळ संख्या. ३३१ तशीच, ३३३१ तशीच. पुढे एकेक तीन लावत बाईंनी अशा सात संख्या कसून तपासल्या, सगळ्या मूळ. आठवीला फक्त तेरापर्यंत भाग लावून पाहिला, आणि मग शितावरून भाताची परीक्षा करून मोकळ्या झाल्या. हीसुद्धा मूळ, असं ठोकून दिलं.

चूक कुणाचीही होते. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं ते वेगळ्याच गोष्टीने. पुस्तक छापायला जायच्या आधी घरी सगळे जेवायला जमले होते. थोरला भाऊ फरश्यांच्या कारखान्यात खोकी भरायचा, एका खोक्यात सतरा फरश्या. कच्ची पानं त्यानेही चाळली होती. जेवता जेवता तो हळूच म्हणाला, "त्या आठवीला सतराचा भाग जातो गं." त्याचा हात खिशात गेला होता.

"दादा, ती संख्या आहे, फरशी नाही," बाई म्हणाल्या. सगळे पोट धरून हसले. दादाही हसला, आणि हात खिशातून तसाच बाहेर आला.

पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई कारखान्यात गेल्या. दादा खोक्यांना पट्ट्या आवळत होता.

"दादा, तुझं बरोबर होतं."

"हं. पुठ्ठ्यावर भागाकार करून आणला होता त्या दिवशी."

"मग दाखवला का नाहीस?"

"तू हसत होतीस," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

नजर कुठे ठेवावी कळेना, म्हणून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. फळीवर त्यांचंच पुस्तक होतं, दहा हातांनी हाताळून मळलेलं. निदान इथली चूक तरी आपल्या हाताने दुरुस्त करावी म्हणून बाईंनी पेन काढलं आणि बत्तीसावं पान शोधलं. एकतीस झालं की एकदम चौतीस. मधली दोन पानं कडेकडेने गोंद लावून नीट चिकटवलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच," दादा पुढचं खोकं ओढत म्हणाला. "इथे सगळ्यांना सतराचा पाढा येतो. तुला कुणी हसायला नको."