बसमधले शिक्षणाधिकारी

“नवी शाळा उंचावर आहे, मान्य. पण रस्ता कुठून जातो ते सांगा.”

किकुची-सान उभे राहून बोलत होते. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच सभेच्या हॉलमध्ये कुणी खोकतसुद्धा नव्हतं. समोर टेबलामागे गावाचे शिक्षणाधिकारी ओइकावा-सान बसले होते.

“थोडा भाग समुद्राच्या कडेने जातो,” ते म्हणाले.

“म्हणजे पुन्हा बस. आणि पुन्हा तुम्हीच.”

जी जुनी शाळा बंद व्हायची होती, त्या डोंगरावरच्या शाळेत मी इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका होते. माझ्या नवऱ्याच्या, संजीवच्या नोकरीमुळे आम्ही जपानमध्ये, सेंदाईला आलो ते मोठ्या भूकंपानंतर. त्यामुळे आधीचं सगळं मला ऐकूनच माहीत. ओइकावा-सान याच गावात मास्तर, मग मुख्याध्यापक, मग वीसएक वर्षं शिक्षणाधिकारी. गावातली मुलं कमी होत गेली तशा त्यांनी शाळा एकत्र केल्या. डोंगरावरची शाळा बंद करून तिथल्या मुलांना बसने बंदरावरच्या मोठ्या शाळेत पाठवलं, तेही त्यांनीच. मग भूकंप झाला. बंदरावरची शाळा त्सुनामीच्या लाटेखाली गेली. डोंगरावरची कुलूपबंद इमारत जशीच्या तशी उभी राहिली. किकुचींची मुलगी हारुना तेव्हा खालच्या शाळेत चौथीत होती.

ते कुलूप नंतर ओइकावा-सानांनीच काढलं आणि उरलेल्या मुलांची शाळा वर भरवली. आता मुलं इतकी थोडी राहिली होती, की ती पुन्हा बंद करायची वेळ आली होती.

नगरपालिकेचा माणूस मध्ये पडला. “त्या वेळचा निर्णय सर्वानुमते झाला होता.”

“नाही,” ओइकावा-सान म्हणाले. “प्रस्ताव माझा होता. किकुची-सान तयार नव्हते. मी पुन्हा पुन्हा त्यांच्या घरी गेलो. हारुना वर्गात एकटी आहे, तिला मैत्रिणी हव्यात, असं सांगून मी त्यांना तयार केलं.”

किकुची-सानांनी नजर हातातल्या टोपीकडे वळवली.

“तिला बस आवडायची,” ते म्हणाले आणि खाली बसले. मग बसल्या जागेवरूनच बोलले, “करा शाळा बंद. पण त्या बसमध्ये रोज तुम्ही बसायचं.”

“बसेन.”

मार्चअखेर ओइकावा-सान निवृत्त झाले. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. एप्रिलमध्ये नवी शाळा सुरू झाली, त्या सकाळी ते सूट-टाय घालून बसथांब्यावर उभे होते. आठवड्यातले दोन दिवस मी डोंगरावरच्या वस्तीत मुक्कामाला असे आणि मुलांच्याच बसने नव्या शाळेत जाई.

संजीव फोनवर म्हणाला, “रिटायर झालेला माणूस रोज स्कूलबसमध्ये? ही पनिशमेंट झाली गं!”

“त्यांना तसं वाटत नाही रे,” मी म्हटलं खरं, पण माझी खात्री नव्हती.

बसमध्ये ते मुलांच्या बुटांचे बंद बांधायचे, कोडी घालायचे. समुद्राकाठचा रस्ता लागला की मात्र बोलणं थांबायचं. चढ येईपर्यंत नजर पाण्यावरून हलायची नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, नेमक्या त्याच रस्त्यावर, सगळ्यांचे फोन भूकंपाच्या इशाऱ्याने एकदम किंचाळले. बस हेलकावली. ड्रायव्हरने ब्रेक लावेपर्यंत ओइकावा-सान दारात पोचले होते.

“दप्तरं राहू द्या! वर चला, वर!”

सर्वांत लहान मुलाला त्यांनी पाठीवर घेतलं. देवदारांमधून आम्ही धडपडत चढलो. वर पोचल्यावर सगळेच समुद्राकडे बघत राहिलो. पाणी हललं नाही. काही वेळाने गावच्या भोंग्यावरून सांगितलं, त्सुनामीचा धोका नाही.

ड्रायव्हर म्हणाला, “चला, उतरू या.”

ओइकावा-सानांनी मुलांना ओळीत उभं केलं आणि हजेरी घेतली. सगळ्यांनी ओ दिली. पण ते थांबले नाहीत.

“किकुची हारुना.”

त्यांनी पुढचं नाव घेतलं, मग त्याच्या पुढचं. त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं. वर्गात असावा तसा शांत आवाज. प्रत्येक नावानंतर ते उत्तरासाठी थांबत होते.

एका मुलीने माझी बाही ओढली. “विभा-सेन्सेई, ही कुणाची नावं?”

मी तिचा हात हातात घेतला.

भूकंप जाणवताच किकुची-सान आपला छोटा ट्रक घेऊन बसच्या मागे निघाले असावेत. धापा टाकत ते वर आले आणि जागीच थांबले. मुलीचं नाव त्यांच्या कानावर पडलं होतं की नाही, कळलं नाही. नावं चालू होती तोवर ते झाडाला हात लावून उभे राहिले. नावं संपली तेव्हा पुढे झाले, अंगातलं कामाचं जाकीट काढून त्यांनी ओइकावा-सानांच्या खांद्यावर घातलं.

“सर,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी त्यांना सर म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. “मुलांना शाळेला उशीर होतोय.”

ओइकावा-सानांनी मान हलवली. उतार निसरडा होता. किकुचींनी त्यांचा कोपर धरला, आणि खाली सपाट रस्त्यावर पोचल्यावरही तो सोडला नाही.