आतून न धुतलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पाठीवर घ्यायचा, सोळा लिटरचा, हाताने दांडा मारायचा. नरडाण्याजवळच्या एका खेड्यात, प्रेमराजभाऊंच्या गोठ्यात मी खुंटीला लटकलो आहे. माझी कहाणी ऐकून तुम्ही मला शाबासकी देणार नाही. देऊही नका.

वितळलेल्या प्लास्टिकपासून कारखान्यात माझी टाकी घडली. शिंदखेड्याच्या दुकानातून भाऊंनी मला आणले आणि सात-आठ वर्षे मी त्यांच्या कपाशीवर राबलो. "हाऊ पंप म्हंजे मना तिसरा हात शे," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मग बॅटरीचा पंप आला. गरज सरो, वैद्य मरो! मला उरले ते मक्यातले तणनाशक मारण्याचे काम. त्या औषधाने मक्याला काही होत नाही, रुंद पानांचे बाकी सगळे मरते. म्हणून भाऊंनी माझ्या पट्ट्याला लाल चिंधी बांधली. चिंधीचा पंप दुसऱ्या कशावर वापरायचा नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

घरामागे भाऊंच्या आई धुरपदाबाई यांची परसबाग होती. तिथले टोमॅटो लांबट, जाड सालीचे, रस कमी आणि गर भरपूर असे. ते आटवून त्यांचा घट्ट गोळा धुरपदाबाई बरणीत भरत. उन्हाळाभर भाजीला तो पुरे. हे बी त्यांच्या आईने चोपड्याहून लग्नात पदराला बांधून दिले होते. पन्नास वर्षे धुरपदाबाई दर हंगामात चांगली फळे निवडून त्यातले बी काढत, राख चोळून वाळवत. आता नात रूपाचे लग्न फाल्गुनात ठरले होते. तिच्या पदराला हेच बी बांधायचे, एवढीच म्हातारीची इच्छा होती. पण आदल्या वर्षी अवकाळीने झाडे कुजली, म्हणून उरलेसुरले सगळे बी त्या वर्षी वाफ्यात पडले. चोवीस रोपे उगवली. घरात एक दाणाही मागे नव्हता.

खंडेनवमीला अवजारे धुऊन पुजतात. त्या दिवशी धुरपदाबाईंनी मला राखेने लखलखीत घासले. ती मळकी चिंधी त्यांना पूजेत बरी दिसेना. पंप आता स्वच्छ झाला असे समजून त्यांनी ती सोडून चुलीत टाकली, मला हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला. किती वर्षांनी मला कोणी मायेने हात लावला होता! मी सुखावलो, खोटे कशाला बोलू? पण माझ्या नळीत आणि नोझलच्या जाळीत आषाढातले तणनाशक बसून होते. तिथवर कोणाचाच हात पोचला नाही.

कार्तिकात टोमॅटो फुलावर आले आणि पानांखाली मावा पडला. धुरपदाबाईंनी निंबोळीचा अर्क काढला. बॅटरीचा पंप भाऊंबरोबर शेतात गेला होता, म्हणून त्यांनी मला रूपाकरवी खुंटीवरून खाली काढले.

"आजी, पंप धोवाले पाहिजे ना?" रूपाने विचारले.

"नवमीले मीच धोया ना, बेटा. पूजा करेल शे. आनी हाई निंबोळीनं पाणी शे, इख थोडंच शे!"

रूपाने दांडा मारला. मला तोंड आहे, पण त्यातून जे भरलेले असते तेच बाहेर पडते.

आठवडाभरात शेंडे पिळले गेले. पाने दोऱ्यासारखी बारीक होऊन वळली, फुले गळाली. भाऊ वाफ्यात वाकले, एक पान तोडून उलटसुलट करून पाहिले. मग ते गोठ्यात आले आणि त्यांनी माझा पट्टा चाचपला.

"माय, चिंधी कोठे गयी?"

"चुल्हामा टाकी मी."

भाऊंनी मला भिंतीवर आपटायला उचलले, तेव्हा म्हातारीने त्यांचा हात धरला. "त्याले काय मारस? चिंधी मी सोडी." त्या दिवशी घरात कोणी धड जेवले नाही.

एकवीस झाडे मेली. कोपऱ्यातल्या तिघांना फवारा जेमतेम लागला होता. ती वेडीवाकडी का होईना, जगली. त्यांना चार फळे धरली. रूपाने त्यांना काठीचा आधार दिला, पाखरांपासून जपले. माघात ती लालभडक पिकली. धुरपदाबाई विळी घेऊन बसल्या आणि पहिले फळ चिरले. आत गरच गर, बी एकही नाही. दुसरे चिरले, तिसरे चिरले. मग चौथे चिरले. तेही तसेच निघाले. त्या औषधाचा अंश लागला तर फळ धरते, बी धरत नाही, असे भाऊंना पुढे एका जाणकाराने सांगितले.

"राहू दे ना आजी, नर्सरीमाईन रोपं आनसूत," रूपा म्हणाली.

"रोपं भेटतीन. मनी मायनं बी आते भेटाव नही."

फाल्गुनात रूपा सासरी गेली. धुरपदाबाईंनी तिच्या पदराला हळकुंड आणि सुपारी बांधली. गाठ मारताना त्या रडल्या. लोकांना वाटले, नात चालली म्हणून.

मित्रांनो, तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा आणि त्याच्या टाकीवर तसे ठळक लिहून टाका. चिंधी कोणीही सोडू शकते. यंदाही खंडेनवमी येईल आणि कोणीतरी माझ्यासारख्या पंपाला घासूनपुसून उभे करील. त्याला फूल वाहण्याआधी एवढे विचारा, की याच्या पोटात काय होते. आम्ही अवजारे स्वतःहून सांगत नाही.