मेड्युसाचे दोन्ही कान

प्रदर्शनाच्या निवड समितीच्या बाईंनी तिसऱ्यांदा फोटो परत पाठवला, तेव्हा खाली एकच ओळ लिहिली होती : "देवी सुंदर आहेत, पण व्हिसाच्या रांगेत उभ्या असल्यासारख्या वाटतात."

धाकटीने ती ओळ मोठ्याने वाचली. आत्याने चष्मा कपाळावर सरकवून फोटो नीट पाहिला.

"काहीही बोलते ती. मी असते तर लगेच मंजूर केला असता. दोन्ही कान दिसताहेत."

दुखणं नेमकं तेच होतं.

आत्याचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. पांढरा पडदा, फिरतं स्टूल, दोन दिवे आणि भिंतीवर एक आरसा, ज्यात बघून गिऱ्हाइकं केस विंचरत आणि निराश होत. आईवडील कामावर जायचे म्हणून धाकटी लहानपणापासून इथेच वाढली. नवा दिवा आणला की तो तपासायला आत्या तिलाच स्टुलावर बसवायची. "मान सरळ. हनुवटी खाली. केस कानामागे. हसायचं नाही." खट्. टेबलाच्या खालच्या खणात त्या फोटोंचा ढीग पडला होता. दात पडलेली धाकटी, कांजिण्या आलेली धाकटी, गणितात आपटलेली धाकटी. चेहरा मात्र सगळीकडे एकच : माझी कशालाच हरकत नाही.

आता ती इथेच फोटो काढायची. दिवसभर माणसं तिच्यासमोर बसत आणि परदेशी निघून जात. ती स्वतः फार तर बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेली होती, तेही झोप लागली म्हणून.

म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढलं की ती ग्रीसला जायची. तिकीट काढून जातात त्या ग्रीसला नव्हे. ग्रीक पुराणकथांतल्या ग्रीसला, जिथे मुलीला झाड व्हायचं असेल तर अर्ज भरावा लागत नाही. थर्माकोलचे पंख लावून ती सूर्याजवळ जाऊन कोसळणारा इकॅरस झाली. हातात डाळिंब घेऊन पाताळाची राणी झाली. खांद्यावर व्यायामाचा मोठा चेंडू घेऊन पृथ्वी उचलणारा ॲटलससुद्धा झाली. कॅमेरा तिपाईवर, रिमोट मुठीत. नटणारी तीच, फोटो काढणारीही तीच. बटण दाबेपर्यंत सगळं झकास चालायचं. पण बटणावर अंगठा टेकला रे टेकला की दुसरा हात आपोआप वर जाऊन केस कानामागे सारायचा, पाठ ताठ व्हायची आणि चेहऱ्यावरचं सामान कोणीतरी आवरून न्यावं तसं सगळं पुसलं जायचं. तिचा इकॅरस आकाशातून कोसळतानाही 'कुठल्या खिडकीवर जाऊ?' असं विचारत होता.

आणि आज शेवटचा दिवस. स्वतःच काढलेल्या स्वतःच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, त्यात एकच जागा उरली होती आणि संध्याकाळी सहापर्यंत फोटो पोचायला हवा होता. निवडलेला फोटो दाराएवढा करून लावणार होते. धाकटीचा जीव त्या 'दाराएवढा'मध्ये अडकला होता. दाराएवढ्या फोटोतून माणूस बाहेर पडू शकतो, असं तिचं साधं गणित होतं.

शेवटचा डाव मेड्युसाचा. जिच्या डोक्यावर केसांऐवजी साप, आणि जिच्याकडे बघेल त्याचा दगड. धाकटी शेजारच्या दुकानात गेली.

"काका, साप हवेत."

नळवाले काका पाना पुसत म्हणाले, "किती इंची?"

काकांना कशाचंच नवल वाटत नसे. ते लोकांच्या मोऱ्यांत काय काय बघून आले होते. त्यांनी वॉशिंग मशीनचे करडे नागमोडी पाईप काढले, बागेचा हिरवा पाईप काढला, आणि स्वतःच्या हेल्मेटवर चिकटपट्टीने एकेक असा पक्का बसवला की बस.

"एकही साप गळणार नाही," ते अभिमानाने म्हणाले. "पण सहाला परत हवेत. एका बाईंच्या न्हाणीघरात पाणी तुंबलंय."

"मेड्युसा सहाच्या आत मोकळी होईल."

"होऊ दे बापडी. आणि हे बघ, तिच्या नजरेने माणसं दगड होतात म्हणालीस ना? माझ्या पाईपांकडे बघू नको म्हणावं. नवे आहेत."

धाकटीने गाल हिरवे रंगवले, हेल्मेट चढवलं, हनुवटीखाली पट्टा अडकवला आणि पडद्यासमोर उभी राहिली. आरशात पाहिलं तर अंगावर काटा आला. जमलं! तिने डोळे वटारले, दात विचकले, बटण दाबलं. हात वर गेला, कान सापडले नाहीत, हेल्मेटवर टक् करून आपटला, पण तेवढ्यात चेहरा सरळ झाला होता. फोटोत मेड्युसा पासपोर्टचं नूतनीकरण करायला आली होती. पुन्हा. खट्. पुन्हा. खट्. घड्याळाचा काटा मात्र कोणाची वाट न बघता सहाकडे निघाला होता.

"अगं ए, बाजूला हो," आत्या कुजबुजली. "गिऱ्हाईक आलंय."

"आत्या! आत्ता?"

"आत्ता. पोट ग्रीसमध्ये आहे का आपलं?"

धाकटी आत्याच्या पाठीमागे, उजेड परतवायच्या मोठ्या रुपेरी गोल चकतीआड लपली. आत एक बाई आल्या. कडेवरचं बाळ असं रडत होतं जणू त्याची इस्टेट कोणी बळकावली होती.

"चार स्टुडिओ फिरले हो," बाई म्हणाल्या. "ह्याचे बाबा तिकडे वाट बघताहेत, उद्या अर्ज द्यायचाय. तोंड बंद हवं, डोळे उघडे हवेत. हा नेमका उलटं करतो."

त्या बाळाला मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या. आत्याने खुळखुळा वाजवला. शिट्टी मारली. मांजराचा आवाज काढला, तेव्हा बाईसुद्धा दचकल्या. बाळाने पट्टी आणखी वरची लावली. चकतीआड धाकटीचा जीव खालीवर होत होता. हे पोर गप्प झाल्याशिवाय पडदा मोकळा होणार नाही, आणि पडदा मोकळा झाला नाही तर दार कायमचं बंद! शेवटी तिला राहवेना. तिने चकतीवरून हळूच डोकं वर काढलं, सापांसकट.

बाळाचं तोंड मिटलं. डोळे बशीएवढे झाले.

खट्.

"दगड झाला!" धाकटी ओरडली. "आत्या, खरंच दगड झाला!"

"गप, आणखी एक घेते," आत्या म्हणाली. खट्. "असलं पोर मी जन्मात बघितलं नाही. कान बघ कसे आलेत!"

आनंदाच्या भरात धाकटी आपला पहिला दगड जवळून बघायला स्टुलापाशी धावली. तोच दगडाला कंठ फुटला. बाळ खुदकन हसलं आणि त्याने हिरवा साप दोन्ही मुठींत पकडला.

"सोड रे राजा," त्याची आई म्हणाली. राजाने ओढला. पट्टा हनुवटीखाली, त्यामुळे सापामागोमाग धाकटीचं डोकंही निघालं. नेमके त्याच वेळी नळवाले काका दारात उभे राहिले.

"वाजायला आले सहा! अरे अरे अरे, माझा पाईप!" त्यांनी धावत येऊन करड्या सापाचं शेपूट धरलं.

"काका, ओढू नका, मान जाईल!"

"मान बसवता येते, पाईपाला चीर गेली की गेला!"

इकडून बाळ, तिकडून काका, मध्ये ग्रीसची सगळ्यात भयंकर बाई. एका हाताने तिने स्टूल धरलं होतं. दुसऱ्या मुठीत काहीतरी टोचत होतं. रिमोट! तिने कसंबसं समोर पाहिलं. आत्याच्या खांद्यामागे तिचा कॅमेरा तिपाईवर उभा होता, थेट तिच्याकडे तोंड करून, लाल दिवा लुकलुकवत.

आत्ताच.

अंगठा बटणावर टेकला. आणि ती आली, ती जुनी सवय. पाठ ताठ व्हायला लागली. मान सरळ. हनुवटी खा...

बाळाने दुपारच्या सगळ्या दुधाचा जोर लावून हिसका दिला. हनुवटी गेली कुठल्या कुठे! बेंबीच्या देठापासून आरोळी फुटली. ती किंकाळी होती की हसू, हे मेड्युसालाही सांगता आलं नसतं, आणि धाकटीने बटण दाबलं. दाबतच राहिली. खट् खट् खट् खट्.

काका पाईप घेऊन न्हाणीघराकडे पळाले. हेल्मेट डोक्यावरच ठेवून धाकटीने फोटो संगणकावर उघडला. आत्याने चष्मा खाली घेतला.

"कान नाहीत. एक डोळा मिटलाय. तोंडात पडजीभ दिसतेय. कडेला कुणाची तरी मूठ, पलीकडे कोपर." तिने खोल श्वास घेतला. "इतका वाईट फोटो ह्या दुकानातून आजवर गेला नाही."

"पाठवू?"

आत्याने घड्याळाकडे पाहिलं. मग तिने स्वतःच हात पुढे करून बटण दाबलं. "पाठवला. जा आता, तोंड धू. गिऱ्हाइकं घाबरतील."

उत्तर एका ओळीत आलं : "रांगेतून बाहेर पडल्याबद्दल अभिनंदन."

प्रदर्शनात मेड्युसा दाराएवढी लागली. नळवाले काका येईल त्याला डावीकडचा साप दाखवून सांगत होते, "हा सध्या एका न्हाणीघरात आहे. अजून गळालेला नाही." बाळ आईच्या कडेवरून फोटोतल्या आपल्या मुठीकडे अत्यंत मालकीच्या नजरेने बघत होतं.

फोटोसमोर माणसं येत आणि थबकत. बोलता बोलता गप्प होत, डोळे मोठे करून जागच्या जागी उभी राहत. आत्याने त्या रांगेवरून नजर फिरवली आणि धाकटीला कोपराने ढोसलं.

"बघ गं. माना सरळ, तोंडं बंद, सगळ्यांचे दोन्ही कान. कॅमेरा आणायला हवा होता."

धाकटी हसली. तिचे केस कानांवर आले होते. तिने ते तसेच राहू दिले.